पहिला अर्धा आटा

"वैनी, ह्या बयेला तेवढा नवरा शोधून द्या," असं म्हणत बाबालालनं सायकलच्या कॅरिअरवरचं बारदान सोडलं आणि आतली बिडाची जाड ताटली माझ्या लेथशेजारच्या पत्र्यावर दाणकन आदळली.

बोलून गेला आणि जीभ चावली त्यानं. माझा नवरा घर सोडून गेल्याला तेव्हा तीन वर्षं होत आली होती, आणि ही गोष्ट ठाऊक नाही असा माणूस अख्ख्या उद्यमनगरात शोधून सापडला नसता.

"द्या इकडं," मी म्हणाले. "तुमच्या बयेला तरी मिळतोय का बघू."

बाबालाल मुजावर जुन्या मशिनरीचा दलाल. सरकारी लिलावातनं भंगार उचलायचा, त्यातला चांगला माल निवडायचा आणि तो कुठल्या मशीनचा आहे ते विचारत दारोदार फिरायचा. माणूस जिभेनं सैल, पण मनानं सरळ. पुरुषांच्या त्या सगळ्या रांगेत मला "लेथवाली बाई" न म्हणता वैनी म्हणणारा तो एकटाच.

त्यानं आणली होती ती बॅकप्लेट. चक म्हणजे लेथचा पंजा, काम धरून फिरवणारा. तो पंजा मशीनला जोडायला मागं ही ताटली लागते. मधे भोक, भोकात आटे. मशीनच्या नाकावरचे, म्हणजे पुढं आलेल्या फिरत्या टोकावरचे, आटे आणि हे आटे जुळले तर ती बसणार, नाहीतर वजनावर विकायची. कुठल्या मशीनचे आटे कसे, हे आमच्यासारख्या लोहारांनाच तोंडपाठ.

आणि मी तेव्हा लोहार झालेच होते. हे गेल्यावर दुसऱ्याच आठवड्यात मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, मला लेथवर उभं केलं होतं. पदर मशीनमधे जाऊ नये म्हणून साडीवरनं ह्यांचाच खाकी शर्ट घालायचा आणि दिवसभर आटे पाडायचे. माहेरी जाते म्हटलं की मामंजी म्हणायचे, "उद्या तो आला आणि तू न्हाईस, मग?" लेथ नको म्हटलं की म्हणायचे, "मग खायाचं काय, दगड?" गल्लीतल्या बायका हळदीकुंकवाला मला बोलवावं की नको ह्या विचारात नुसत्याच माझ्याकडं बघून हसायच्या. कुंकू लावलं तरी कुजबुज, नाही लावलं तरी कुजबुज. कुठल्या तरी बाईबरोबर मुंबईला पळाला, असं मामंजींनीच चारचौघांत जाहीर केलं होतं. ते खरं असेल तर मी टाकलेली, खोटं असेल तर कदाचित विधवा. कोण आहे मी, एवढं जरी कुणी सांगितलं असतं ना, तरी मी त्याचे पाय धरले असते.

तर ती बॅकप्लेट. बीड नवं होतं, राखाडी, गंजाचा डाग नाही. मी सवयीनं भोकात बोट घातलं. आत खरबरीत काही राहिलंय का ते आधी बोटानं बघायचं, अशी आमच्याकडं शिस्त. बोट पहिल्या आट्यावर गेलं आणि तिथंच थांबलं.

आटा जिथं सुरू होतो ना, तिथं तो कागदासारखा पातळ असतो. चक चढवताना आधी तोच मोडतो, आणि मोडलेला कपचा आत अडकला की सगळं जाम. म्हणून आमच्या घरात तो पहिला अर्धा आटा छिन्नीनं उडवायची, कानशीनं साफ करायची आणि नेमका तिथं वर पंचाचा एक ठिपका द्यायची रीत. मामंजींच्या वडिलांनी घातलेली. बाकीचे कारखानदार हसायचे आम्हाला. म्हणायचे, लोहारांकडं आट्याचं जावळ काढतात.

ह्या बॅकप्लेटचं जावळ काढलेलं होतं. ठिपकाही होता.

मी ती उचलून दारात उजेडाला नेली. कानशीचे बारीक ओरखडे उलट्या अंगाला झुकलेले होते. उजव्या हातानं कानस मारली तर तसे येत नाहीत. आमच्या घरात डावरा माणूस एकच, आणि तो मुंबईला पळून गेलेला होता!

"कुठनं आणलीत ही?" मी विचारलं.

"तीच तर बोंब हाय," बाबालाल म्हणाला. "तीन लिलावांचं भंगार एकाच ट्रकात भरलं. कुठलं कुठनं आलं, ते आता माझ्या बापाला पण सांगता येनार न्हाई. तुम्ही मशीन सांगा, म्हंजे मी जागा सांगतो. तिन्ही ठिकाणची मशीनं मी डोळ्यांनी बघितल्यात."

मशीन कळलं तर जागा कळणार होती, आणि जागा कळली तर हे कुठं आहेत ते कळणार होतं. मी फळीवरनं आट्याचं गेज घेतलं. गेज म्हणजे पातळ पात्यांचा जुडगा, प्रत्येक पात्याला वेगळ्या मापाचे दाते. दाते आट्यात बसवून उजेडात धरायचं. फट दिसली नाही की माप जुळलं. इंचाला आठ लावून बघितलं, नाही. चार मिलिमीटरचं मेट्रिक पातं पहिल्या दोन दात्यांना बसल्यासारखं झालं, पण पुढं उजेड दिसायला लागला. इंचाला सहाचं लावलं. आट्यात दाते गच्च. उजेडाचा कण दिसेना.

"सहा," मी म्हणाले. "इंचाचं मशीन. सव्वादोन इंची नाक. बाबालालभाऊ, ती तीन ठिकाणं कुठली?"

"एक साखर कारखाना. दुसरं रेल्वेचं वर्कशॉप. आनि तिसरं..."

"काय चाललंय?" मागनं आवाज आला. मामंजी चहा पिऊन परत आले होते.

धोंडीराम लोहार म्हणजे उद्यमनगरातलं मोठं प्रस्थ. आट्याला अंगठा लावून माप सांगायचे, आणि गेजनं कधी त्यांना खोटं पाडलेलं मी बघितलं नव्हतं. बाबालालनं बॅकप्लेट त्यांच्या हातात दिली. मामंजींनी अंगठा आत घातला, फिरवला, आणि तोही तिथंच थांबला जिथं माझं बोट थांबलं होतं. त्यांचा चेहरा मी बघत होते. एखाद्याच्या अंगावरनं पाल गेली तर कसं होईल, तसं झालं त्यांना. मग त्यांनी माझ्या हातातलं गेज ओढून घेतलं, कुठलंसं पातं लावल्यासारखं केलं आणि बाजूला टाकलं.

"मेट्रिक," ते म्हणाले. "चारचा आटा. साखर कारखान्याच्या मशीनचं सामान हाय. जा घेऊन."

"मामंजी, उजेडात धरून..."

"तू मला शिकवनार?"

बाबालाल खूष. साखर कारखाना म्हणजे रोख गिऱ्हाईक. बॅकप्लेट काखेत मारून तो निघालासुद्धा.

चार मिलिमीटर आणि इंचाला सहा, ह्यात नवशिका फसतो. फसतो म्हणून तर गेज उजेडात धरायचं असतं, आणि एकदा नुसत्या अंदाजानं माप सांगितलं म्हणून ह्याच माणसानं मला अख्ख्या कारखान्यासमोर फाडून खाल्लं होतं. धोंडीराम लोहार आट्यात चुकणं शक्य नव्हतं. म्हणजे ते खोटं बोलले. आणि आट्याबद्दल खोटं बोलणं त्या माणसाला किती जड गेलं असेल, हे मला माहीत होतं. तेवढं मोठं काय होतं लपवायला?

बाबालाल बारदान विसरला होता. ते उचललं आणि "देऊन येते" म्हणून मी पळाले. गल्लीच्या तोंडाशी त्याला गाठलं.

"भाऊ, थांबा. ते मेट्रिक नाही. सहाचं आहे. साखर कारखान्याचं असूच शकत नाही."

"आता म्हातारा म्हनतोय मेट्रिक..."

"म्हाताऱ्याचं सोडा. रेल्वेच्या मशीनचं नाक कसं आहे? बघितलंय म्हणालात."

"त्याला आटेच न्हाईत वैनी. चपटं तोंड हाय, बोल्ट मारून चक बसवतात."

"मग तिसरी जागा कुठली?"

बाबालालनं इकडं तिकडं बघितलं. "तिसरं जेल," तो म्हणाला. पलीकडच्या जिल्ह्यातल्या मोठ्या तुरुंगाचं नाव त्यानं घेतलं. "आत कारखाना हाय त्यांचा. जुनाट विलायती लेथ, नाकाला हे असले जाड आटे. कैदीच चालवत्यात."

"कोण कैदी?"

"बाळू पवार म्हनून एक हाय. बोलत न्हाई कुनाशी, पर हात काय हाय त्याचा! डावरा हाय, आनि... वैनी? वैनी, बसा, हितं बसा."

मी बसले नाही. बसले असते तर उठले नसते.

परत आले तेव्हा मामंजी माझ्या लेथसमोर उभे होते, मशीन बंद करून. माझ्या तोंडाकडं बघूनच त्यांना काय ते समजलं.

"हे जेलमधे आहेत," मी म्हणाले. "बाळू पवार नावानं. तुम्हाला ठाऊक होतं."

त्यांनी आधी बाहेर बघितलं, कुणी ऐकतंय का ते. मग माझ्यापाशी येऊन दबक्या आवाजात म्हणाले, "हळू बोल. नळ्या हुत्या त्या. बंदुकीच्या. मी काम घेतलं हुतं. कशाला म्हनून इचारलं न्हाई, पर कळत हुतं. तो पोचवायला गेला आनि एसटीत घावला. मारून मारून जीव काढला त्याचा, पर नाव खोटं सांगितलं, गाव खोटं सांगितलं. बापाला वाचवलं. आता त्याला बोलतं केलंस तर दोघंबी आत. काय मिळनार तुला?"

"आणि मला का नाही सांगितलंत?"

"त्यानंच सांगितलं," मामंजी म्हणाले. "म्हनला, तिला कळवू नका. तिचं तोंड बघायची इच्छा न्हाई."

हे मला लागलं. खोटं कशाला सांगू, नवरा तुरुंगात आहे ह्यापेक्षा ते जास्त लागलं. महिन्याच्या महिन्याला मामंजी डोळ्यांच्या डॉक्टरकडं म्हणून जायचे, ते ह्यांना भेटायला जायचे तर! बापाला भेटतात आणि माझं तोंड बघायचं नाही? मी काय घोडं मारलं होतं त्यांचं?

"मी जाते," मी म्हणाले. "आत्ता जाते. माझ्या तोंडावर सांगू देत."

"कुटं जातीस?" मामंजी वळले, झपाट्यानं बाहेर गेले आणि खडाडखड शटर खाली आलं. कुलपाचा आवाज आला. "डोस्कं थंड हुईस्तोवर बस आत," बाहेरनं म्हणाले, आणि त्यांच्या चपला वाजत गेल्या.

आत मिट्ट काळोख. भरदुपारी शटरच्या खालच्या फटीतनं एक पट्टी उजेड, तेलाचा वास, आणि दोन लेथ. मी शटर बडवलं. उद्यमनगरात ठोकाठोकीला कोण बघतंय? शेजारी हातोडे चालू, समोर पॉवर प्रेस धाडधाड चालू. ओरडले, तर माझं ओरडणं मलाच ऐकू आलं नाही. मग मी जमिनीवर बसले, लोखंडाच्या किसात, आणि रडले. तीन वर्षं ह्या खोलीत मी येऊन जाऊन होते आणि दार उघडंच होतं, तरी कुठं जाता येत होतं मला? आज फक्त कुलूप दिसायला लागलं एवढंच.

कारखान्याच्या मागच्या अंगाला एक दार होतं, आमच्या घराच्या परसात उघडणारं. त्याला परसाकडनं कडी. मी त्याला तोंड लावलं.

"आत्याबाई! आत्याबाई, कडी काढा!"

आत्याबाईंचा, म्हणजे माझ्या सासूबाईंचा, आवाज आला, दाराच्या अगदी जवळनं. "त्येंनी बजावलंय, उघडू नगं म्हनून. डोस्कं फिरलंय म्हनले तुजं. काय केलंस ग बाई?"

आत्याबाईंनी उभ्या आयुष्यात नवऱ्याचा शब्द मोडलेला नव्हता. जेवायला बसा म्हणायलासुद्धा त्या दारामागं उभ्या राहायच्या. पण दर सोमवारी देवळात जाऊन पोराच्या नावानं वात लावायच्या, ते कुणी बघत नाही असं त्यांना वाटायचं.

"आत्याबाई," मी म्हणाले, "ते जिवंत आहेत. जेलमधे आहेत. मामंजींना पहिल्यापासनं ठाऊक आहे."

कडी वाजली. दार उघडलं तर आत्याबाई पदर तोंडाशी धरून उभ्या. डोळे कोरडे ठक्क.

"दिनू?" त्या म्हणाल्या.

"होय."

"थांब," त्या म्हणाल्या. "लुगडं बदलते."

एसटीत आम्ही दोघी एका बाकावर बसलो. आत्याबाई खिडकीतनं बाहेर बघत होत्या, पण बघत काहीच नव्हत्या. मी मनात भांडण जुळवत होते. हे विचारीन, ते विचारीन. तोंड बघायचं नव्हतं तर आधी सांगायचं, मी माझ्या वाटेला लागले असते. कुणाच्या जिवावर मला लेथला बांधून ठेवलंत?

जेलच्या दारात शिपायानं विचारलं, कोणाला भेटायचं. "बाळू पवार," मी म्हणाले. "नातं?" "त्यांच्या गावच्या आहोत." त्यानं आम्हाला वरनं खालपर्यंत बघितलं. "म्हातारा येतो तो कोण?" "तोही गावचाच." शेवटी आत सोडलं, आणि एका लांब जाळीपुढं उभं केलं. आमच्याबरोबर जाळीला चिकटून आणखी पाचपन्नास माणसं, सगळी एकदमच ओरडत होती. एक शिपाई आमच्या मागंच उभा राहिला.

हे आले. डोक्याचे केस बारीक कापलेले, गालफडं बसलेली. आधी त्यांना आई दिसली. ते जागच्या जागी उभे राहिले. मग मी दिसले, आणि हे चक्क दोन पावलं मागं सरकले.

"तू?" ते म्हणाले. "तू कशाला आलीस?"

झालं! मी एसटीत जुळवलेलं सगळं तोंडावर आलं. "का? तोंड बघायचं नव्हतं ना माझं? मग बघू नका. फक्त तेवढं माझ्यासमोर सांगा, म्हणजे मी मोकळी."

"मी कशाला सांगू?" हे म्हणाले. "तूच मोकळी झालीस न्हवं? भेटायला आलं तवा आबांनी सांगितलं सगळं. सहा महिनंबी थांबली न्हाईस. दुसरं घर केलंस. लेकरू बी झालं म्हनले."

मी खांद्यावरची शाल खाली ओढली. घाईघाईत आले होते, आतला खाकी शर्ट तसाच होता, तेलानं माखलेला.

"हा कुणाचा शर्ट?" मी म्हणाले. "ओळखता? रोज हाच घालून तुमच्या लेथवर उभी असते. तीन वर्षं. कुठलं घर केलं मी? बघा की. हात बघा माझे."

मी दोन्ही हात जाळीला लावले. काळी पडलेली नखं, किसानं कापलेली बोटं. ह्यांनी ती बघितली. पहिल्यांदा एक बोट, मग दुसरं, असं करत त्यांनी जाळीतनं माझ्या बोटांना बोटं लावली.

"मला म्हनले, तू गेलीस," हे परत परत म्हणत होते. "मला म्हनले, तू गेलीस. मग बाहेर येऊन करायचं काय, म्हनून गप बसलो. न्हाईतर कवाच सांगितलं असतं समदं, शिक्षा कमी झाली असती. कवाच सांगितलं असतं, मालन."

म्हणजे मला सांगितलं, हे पळाले. ह्यांना सांगितलं, मी पळाले. मी लेथला, हे जाळीला, आणि दोन्हीकडची किल्ली एकाच माणसाच्या कनवटीला. आणि तो माणूस सकाळी माझ्याच हातचा चहा प्यायला होता!

मी आत्याबाईंकडं वळले. "आत्याबाई, तुम्ही आई आहात. शिपायाला खरं नाव सांगा. तुमच्या सांगण्याला वजन आहे."

कपाळावरच्या कुंकवाला आत्याबाईंचा हात गेला आणि तिथंच राहिला. पोराचं नाव घेतलं तर नवरा आत जाणार होता, आणि नाही घेतलं तर पोरगा आतच राहणार होता.

"मला जमायचं न्हाई ग," त्या म्हणाल्या. "माज्या तोंडानं न्हाई जमायचं." मग माझा खांदा घट्ट धरून म्हणाल्या, "पर तू घे. घे तू. मी न्हाई आडवनार."

आमच्यात बायको नवऱ्याचं नाव घेत नाही. लग्नात उखाण्यात घेतलं होतं तेवढंच, तेही चारजणींनी खाली पाडून वदवलेलं. मी शिपायाकडं वळले.

"साहेब," मी म्हणाले, "हे बाळू पवार नव्हेत."

"मग कोण?"

जाळीपलीकडनं हे म्हणाले, "मालन, आबा..."

"दिनकर धोंडीराम लोहार," मी म्हणाले. गलक्यात शिपायाला नीट ऐकू आलं नसावं, त्यानं कानाला हात लावला. मग मी परत एकदा घेतलं, मोठ्यानं.